फक्त उजवीकडे वळणारी गाडी

भूगोलाचे सर पहिल्यांदा गॅरेजमध्ये आले ते गाडीवर बसून नव्हे, गाडी अंगात घातल्यासारखे. गुडघे हँडलच्या दोन्ही बाजूंनी वर आलेले, पाठीची कमान झालेली, आणि वळायची वेळ आली की एक गुडघा अदबीनं बाजूला घ्यायचा. ठिणगीनं हातातला पाना खाली ठेवला. असलं दृश्य रोज बघायला मिळत नाही.

ठिणगी म्हणजे गॅरेजवाल्यांची मुलगी. सहा वर्षांची असताना बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा टाकून तिनं हे नाव कमावलं होतं. आता चोवीस वर्षांची झाली, तरी नाव काही सुटलं नव्हतं.

"गाडी वडिलांची," सर टप्प्याटप्प्यानं उतरत म्हणाले. "ते माझ्या खांद्याला लागायचे."

"मग उंच हँडल लावावं लागेल. नाहीतर बुटके सर शोधावे लागतील."

"शाळेतली मुलंही हा दुसरा उपायच सुचवतात."

तिला हसू आलं, पण तिनं ते ओठांवरच थांबवलं. आतून बाबा ऐकत होते. हँडल बदलणं सोपं असतं, चार नटांचं काम. क्लचची आणि ब्रेकची केबल लांब मिळते, ती आणून बसवायची. खरी परीक्षा वायरिंगची. हँडल वीतभर वर गेलं की दिव्याच्या, हॉर्नच्या, इंडिकेटरच्या सगळ्या वायरी तोकड्या पडतात. प्रत्येक वायर कापायची, मध्ये तुकडा जोडायचा, जोड कथलानं डाखून त्यावर रबरी नळी चढवायची. हे काम आजवर बाबांनी कोणाच्या हातात दिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र त्यांनी पक्कड ठिणगीपुढे ठेवली आणि सरांच्या देखतच बजावलं, "पहिलं काम आहे तुझं. निभावलंस तर वायरिंगचं टेबल तुझं. गाडी परत आली, तर पुन्हा पंक्चरच्या टबापाशी."

पंक्चरच्या टबापाशी तिची पाच वर्षं गेली होती. बोटं पाण्यात राहून कायमची सुरकुतलेली. टेबल हवंच होतं तिला.

दोन दिवस ती त्या गाडीला चिकटून होती. एका वेळी एकच वायर कापायची, ती जोडून झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, म्हणजे घोळ होत नाही. शेवटी एकच तपासणी उरते: हँडल पूर्ण उजवीकडे, मग पूर्ण डावीकडे वळवायचं, आणि कुठे वायर ताणली जात नाही ना, ते बघायचं.

गाडी न्यायला आलेल्या सरांना तिनं वर बसवलं आणि हँडल उजवीकडे वळवलं. सगळं ठीक. सरांचे हात ऐटीत वर, पाठ ताठ, गुडघे मोकळे. त्यांनी खाली पाहिलं, मग तिच्याकडे.

"आयुष्यात पहिल्यांदा," ते हळूच म्हणाले, "माझे गुडघे त्यांच्या जागी आहेत, आणि मी माझ्या."

या वेळी हसू ओठांवर थांबलं नाही. आणि त्या हसण्याच्या भरात... डावी बाजू राहूनच गेली.

दुसऱ्या दिवसापासून सर रोज सकाळी गॅरेजवरून जाऊ लागले. मान किंचित तुकवायचे, एक नजर टाकायचे, पुढे जायचे. गल्ल्यावर बसणाऱ्या आत्याच्या नजरेतून काहीच सुटत नसे. शाळा चौकातून डावीकडे, दोन मिनिटांवर, असं तिनं भाचीला ऐकवलं. हा माणूस तीन उजवी वळणं घेऊन आपल्या दारावरून कशाला जातो, ते तूच सांग. त्यानंतर रोज त्या वेळेला ठिणगीच्या कपाळावर ग्रीस नसे, एवढाच फरक पडला.

बाराव्या दिवशी नळाच्या कामासाठी पुढचा रस्ता खणला. सर गॅरेजसमोर आले, तर उजवीकडे खड्डा, समोर मातीचा ढीग. मोकळा फक्त डावीकडचा बोळ. ते बराच वेळ त्या बोळाकडे बघत राहिले. मग डोळे मिटून हँडल वळवलं.

हॉर्न जो बोंबलला, तो थांबेचना. समोरच्या न्हाव्यानं गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलून धरला. ठिणगी धावत गेली, हँडल सरळ केलं. आवाज बंद. पुन्हा डावीकडे वळवलं, पुन्हा बोंब. वायर ताणली जाऊन जोडावरची नळी सरकत होती आणि उघडी तार सांगाड्याला टेकत होती.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

म्हणजे ती रोजची फेरी... तिच्यासाठी नव्हतीच. गाडीला डावीकडे वळताच येत नव्हतं, म्हणून.

"मग सांगितलं का नाही?" तिचा आवाज चढला.

सर हँडलच्या मुठीशी चाळा करत राहिले. "सांगितलं असतं तर गाडी परत आली असती. आणि तुम्ही... टबापाशी." त्यांनी तिच्या बोटांकडे पाहिलं. "उजवीकडून शाळेला वीस मिनिटं लागतात. तेवढं चालतं मला."

बाबा पाठीमागे येऊन उभे होते. सर घाईनं म्हणाले, वायर बहुतेक त्यांच्याच हातून ओढली गेली असावी. ठिणगीनं त्यांना पुरतं बोलू दिलं नाही.

"बाबा, चूक माझी. डावीकडे वळवून बघितलंच नाही मी."

"का नाही बघितलं?"

"कारण ती सरांकडे बघत होती," आत्या गल्ल्यावरूनच म्हणाली.

सरांचे कान लाल झाले आणि उंचीमुळे ते सगळ्या गल्लीला दिसले. बाबांनी पक्कड आणून मुलीच्या हातात दिली. आधी हे नीट कर, म्हणाले. मग आठ दिवस टब. आठ दिवसांनी टेबलाचं बघू.

तिनं वायरला लांब तुकडा जोडला, हँडल दोन्हीकडे दहा-दहा वेळा वळवून दाखवलं. सर आभार मानून डावीकडच्या बोळातून निघून गेले. आता दोन मिनिटांची शाळा. आता इकडून कोण कशाला जाईल?

दुसऱ्या दिवशी ती टबात हात बुडवून बसली होती, तोच सर गाडी ढकलत आले. मागचं चाक बसलेलं.

"पंक्चर," ते म्हणाले.

टायरमध्ये लाल डोक्याची टाचणी होती, वर्गातल्या नकाशावर लावतात तसली. ठिणगीनं ती नखानं उपटली आणि उन्हात धरली.

"ही टायरच्या सालीत अडकलीय, सर. ट्यूबपर्यंत पोचायला हिला सात जन्म लागतील."

"असं का?"

"मग हवा कोणी सोडली?"

सरांनी रस्त्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, शेवटी तिच्याकडे. "मी... डावीकडे वळता यायला लागल्यापासून इकडे यायला कारणच उरलं नव्हतं."

ठिणगीनं हवा भरली. भरताना दोनदा नळी हातातून सुटली. मग ती टाचणी तिनं ओढणीच्या टोकाला खोचली.

"उद्या काही न बिघडवता या," ती म्हणाली. "तेवढं कारण पुरे."

सर गाडीवर बसले. इंडिकेटर लुकलुकला, हँडल पूर्ण डावीकडे वळलं. गाडी गप्प होती. ती बोळात दिसेनाशी झाली, आणि मग हॉर्न वाजला, एकदाच. या वेळी मात्र तो त्यांनी वाजवला होता.