कोरा फिल्टर

जाम गावच्या चौकात दुकान टाकलं की धूळ फुकट मिळते, असं बंडूजी गिऱ्हाइकांना सांगत. नागपूर, हैदराबाद, चंद्रपूर, तिन्हीकडचे ट्रक जाताना आपापल्या मुलखातली माती चौकात टाकून जात. त्यांची बायको प्रमिलाबाई सकाळी फडकं घेऊन ऑइलच्या डब्यांपासून सुरुवात करी. शेवटच्या फळीपर्यंत पोचेस्तोवर डब्यांवर पुन्हा थर बसलेला असे. पुढे हायवे रुंद करायचं काम निघालं, आसपास गिट्टीखदानी सुरू झाल्या, आणि फडकं तिच्या हातातून सुटेनासं झालं.

पुढे स्पेअर पार्ट्सचं दुकान, मागे घर, बाजूला टिनाच्या शेडमध्ये गॅरेज. बंडूजी देवाला हात जोडत, पण गाडी बंद पडली की आधी एअर फिल्टर बघत. इंजिन हवा ओढतं आणि खदानीच्या रस्त्यावर त्या हवेबरोबर दगडाचं पीठ ओढतं. फिल्टरने ते अडवलं नाही तर पिस्टन काचपेपरने घासल्यासारखे झिजतात. म्हणून त्यांचा एकच हेका होता : फिल्टर कंपनीचाच, कागदी. धुवून वापरायचे कापडी फिल्टर बाजारात स्वस्त मिळत आणि त्यांच्यावर गाडी पळेही चांगली. बंडूजी त्यांना दुकानाची पायरी चढू देत नसत.

त्यांचं हे पुराण सर्वांत जास्त ऐकावं लागे प्रेमदासला. प्रेमदास प्रमिलाबाईचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, या नवराबायकोला मूलबाळ झालं नाही, त्यामुळे भाऊ म्हणा, मुलगा म्हणा, तोच. त्याला त्यांनी जुनी डिझेल जीप घेऊन दिली होती आणि तो खदानीवर मजूर आणि डिझेलची पिंपं नेई.

"भाऊजी, तुमचा कंपनीवाला फिल्टर आठ दिवसांत मरते," तो कुरकुरे. "चढावर गाडी दमच धरत नाई."

"फिल्टर मरते म्हणून इंजिन जगते," बंडूजी म्हणत. "कोणाले तरी धूळ खावीच लागते, बाबू."

त्या उन्हाळ्यात नागपूरहून कंपनीच्या फिल्टरांचं पार्सल आलं, त्यात एक आगंतुक निघाला. त्याला खोका नाही, छाप नाही, नंबर नाही. पांढऱ्या कापडाच्या बारीक चुण्या आणि वरून जाळी. नागपूरला फोन केला तर व्यापारी म्हणाला, असला माल आपण ठेवतच नाही. बंडूजींनी तो बाजूला टाकला. पुढे कंपनीचे संपले, नवे यायला वेळ होता आणि प्रेमदासची गाडी दारात काळा धूर ओकत उभी होती. तेवढ्यापुरता म्हणून त्यांनी तो बसवला. बसला अगदी मापात.

नवा माल आल्यावर त्यांनी फिल्टर काढून पाहिला, तर तो कोराच. सवयीने टायरवर आपटला. चिमूटभरही धूळ पडली नाही.

फिल्टर कोरा म्हणजे सगळी धूळ इंजिनात गेली. अशा वेळी बंडूजी इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीत तर्जनी फिरवत आणि ती अंगठ्यावर चोळत. करकर लागली की इंजिनाचे दिवस भरले. त्यांनी बोट फिरवलं, चोळलं. करकर नाही. ऑइल पाहिलं, तेही गुळगुळीत. इंजिन घड्याळासारखं चालत होतं.

"धूळ कुठं जाऊन राह्यली मंग?" त्यांनी विचारलं.

"गेली त गेली," प्रेमदास हसला. "तुमाले काऊन पायजे?"

तो काही तो फिल्टर काढू देईना. बंडूजींनीही फार ताणलं नाही, कारण इंजिन खरोखरच ठणठणीत होतं.

पावसाळा कोरडाच गेला. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की जीपच्या आतही धूळ नसते. खदानीहून आलेल्या गाडीत सीटवर हात मारला की ढग उठायचा. आता सीट स्वच्छ, काच स्वच्छ, आरशावर बोटाने नाव लिहावं इतकीही धूळ नाही. प्रेमदासने पुसणं केव्हाच सोडलं होतं. तो आता फारसा हसतही नव्हता. दुकानाच्या दोन पायऱ्या चढून आला की खांबाला धरून उभा राही, खोकला थांबेस्तोवर.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी एक्सरे उजेडासमोर धरला आणि विचारलं, "किती वर्षं गिट्टी फोडता?"

"मी ड्रायव्हर आहो," प्रेमदास म्हणाला.

डॉक्टरांनी पाकिटावरचं नाव पुन्हा वाचलं. असं फुप्फुस जन्मभर घण मारलेल्या माणसाचं असतं, एवढंच ते बोलले, आणि धुळीपासून दूर राहायला सांगितलं.

परतल्यावर प्रमिलाबाई प्रेमदासचा रुमाल घेऊन शेडमध्ये आली. तिचे डोळे रडून सुजले होते.

"पाहा न, काय पडून राह्यलं त्याच्या छातीतून."

रुमालावर राखाडी डाग होता. बंडूजींनी त्यावर तर्जनी टेकवली आणि अंगठ्यावर चोळली.

करकर लागली.

नळीत शोधूनही न सापडलेली धूळ त्यांच्या बोटांवर होती. ते तसेच उठले, जीपचं बॉनेट उघडलं आणि तो फिल्टर काढला. अजूनही कोराच होता. त्यांनी कंपनीचा बसवला आणि नटबोल्ट दोनदा आवळून पाहिले.

आठवडा होत नाही तोच कंपनीचा फिल्टर काळाठिक्कर पडला. बंडूजींनी तो टायरवर आपटला, भसकन धूळ सांडली, आणि तिच्याकडे पाहताना त्यांना भरून आलं. प्रेमदासचा खोकला उतरणीला लागला. संक्रांतीला तो तीळगूळ वाटत गावभर फिरला.

प्रमिलाबाईचं म्हणणं होतं, तो पांढरा जाळून टाका. बंडूजींना ते पटेना. जाळला म्हणजे त्यात काहीतरी आहे हे आपण मानलं असं होणार. फिल्टरने माणूस आजारी पडत नाही, खदानीने पडतो, एवढं त्यांना कळत होतं. भंगारवाल्याला द्यावा तर तो पुन्हा कोणाच्या तरी गाडीत बसेल, आणि तेही त्यांना नको होतं. त्यांनी तो गल्ल्यामागच्या भिंतीवर खिळ्याला अडकवला. समोर राहील, कोणाच्या हाती लागणार नाही.

उन्हाळा लागला. चौकात डांबराचं काम आलं, दिवसभर गिट्टीचे टिप्पर रिकामे होऊ लागले. एका दुपारी प्रमिलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि ऑइलच्या डब्यावरून हात फिरवत उभी राहिली. ती खुशीत होती.

"होळीपासून फडकं हाती धरलं नाई म्या. या वर्षी दुकानात धूळच बसत नाई, पाह्यलं का?"

गल्ल्यावर बसलेल्या बंडूजींनी मान डोलावली. ती आत जाईपर्यंत त्यांना खोकला दाबून धरायचा होता.

ती आत गेली. बऱ्याच वेळाने त्यांनी तोंडावरचा रुमाल काढला, तर्जनी त्यावर टेकवली आणि अंगठ्यावर चोळली.