अकरा पायऱ्या

"लिफ्ट बंद आहे."

"ते दिसतंय. चालू कधी होईल?"

"मी ठरवीन तेव्हा."

माझ्या दोन्ही हातांत एकावर एक दोन खोकी, काखेत गुंडाळलेला भलामोठा नकाशा, आणि जायचं चौथ्या मजल्यावर. हा माणूस मात्र माझ्याकडे पाठ करून, हातात टॉर्च घेऊन लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत असा वाकलेला, जणू आत कोणाशी गप्पाच चालल्यात.

"अहो, ठरवा ना लवकर! मला घाई आहे."

तो वळला. कपाळावर वंगणाचा काळा पट्टा, आणि डोळे… इतके शांत डोळे मला कधीच सहन होत नाहीत.

"दोराच्या तीन तारा तुटल्यात," तो म्हणाला. "जायचंय? दार उघडून देतो."

त्याने टॉर्च खिशात घातला, वरचं खोकं न विचारता उचललं आणि जिना चढायला लागला. मी मागे. चौथ्या मजल्यावर खोकं खाली ठेवताना त्याने त्यावरची चिठ्ठी वाचली— 'भूमध्य समुद्र, सात बेटं, नऊ दिवस, सोळा खोल्यांचं जहाज.' आणि त्या शांत डोळ्यांत एकदम वीज चमकली.

"म्हणजे माझ्या आईला फूस लावणाऱ्या त्या तुम्ही!"

हा लिफ्ट इन्स्पेक्टर. त्याची आई म्हणजे आमच्या सहलीच्या पहिल्या प्रवासी. शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणत. जाहिरात छापून आली त्याच दिवशी त्या येऊन एका खोलीवर आपलं एकटीचं नाव घालून गेल्या होत्या. "मुलाला सांगायची गरज नाही," असंही म्हणाल्या होत्या. मला वाटलं, मुलगा असेल बारा-तेरा वर्षांचा!

आमचं ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक खिडकी आणि भिंतभर नकाशा. मालकीण मॅडम, आणि सहली आखणारी मी. ही सहल माझी लाडकी. मोठ्या जहाजावरचे पोहण्याचे तलाव नि नाचगाणी नाहीत. छोटं जहाज, छोट्या बंदरांत शिरणारं. एका बेटावर मिठागरं, एकावर दगडी नाट्यगृह, एकावर विणकर, एकावर तीन हजार वर्षांपूर्वीची मडकी. बेटांची खरी नावं आमच्या तोंडात बसत नसत, म्हणून मिठाचं बेट, मडक्यांचं बेट असंच चालायचं. महिनाअखेर सोळाही खोल्या भरल्या तरच जहाज आमचं. आणि भरल्या तर… सोबत मी जायचं. मॅडमनी तसा शब्द दिला होता.

सहा वर्षांत अकरा सहली आखल्या मी. एकीलाही गेले नव्हते. कधी बाबांचं ऑपरेशन, कधी ताईचं बाळंतपण, कधी ऐन वेळी मॅडमचा भाचा. तिकिटं दुसऱ्यांच्या हातात देऊन मी खिडकीपाशी येरझाऱ्या घालायची. आई मला भिंगरी म्हणते, ते काही उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला इन्स्पेक्टर हजर. हातात चारदा घडी घातलेला कागद.

"सत्तावीस प्रश्न आहेत," तो म्हणाला. "आईचं गेल्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालंय. पहिला प्रश्न. जहाजाच्या शिडीला पायऱ्या किती?"

"अकरा."

हे मी का म्हणाले, देव जाणे. ग्राहकासमोर 'माहीत नाही' म्हणायचं नाही, ही मॅडमची पहिली शिकवण. जीभ आपोआप वळली.

"तुम्ही स्वतः चढलाय?"

"अं… हो. म्हणजे, हो."

त्याने कागदावर नीट लिहिलं. अकरा. मी नजर खिडकीबाहेर नेली.

सव्विसाव्या प्रश्नाला त्याने मला पकडलंच. "पाचवा दिवस सोमवार येतो. मडक्यांच्या बेटावरचं संग्रहालय सोमवारी बंद असतं. तुमच्याच पत्रकात मागे छापलंय."

मी पत्रक हिसकावून घेतलं. बारीक अक्षरात, खरंच होतं! पाचव्या दिवसाचं बेट चौथ्या दिवशी न्यायचं, तर विणकरांचा बाजार चुकतो. बाजार साधायचा, तर नाट्यगृहात भर उन्हात चढावं लागतं. एक बेट हललं की सातही हलणार.

"मी बघून देऊ का?" त्याने विचारलं.

"तुम्ही? तुम्हाला तर ही सहल बंद पाडायची आहे ना?"

"पाडायची असेल तर आधी नीट समजून तरी घ्यायला हवी."

मग तो रोज चारला यायला लागला. भिंतीवरच्या नकाशावर मी रंगीत टाचण्या टोचायची, तो त्या काढून दुसरीकडे टोचायचा. आमची बोटं एकाच टाचणीवर यायची आणि दोघंही ती घाईघाईने सोडायचो… टाचणी खाली. मग ती शोधत दोघंही टेबलाखाली.

"तुम्ही बसत का नाही कधी?" एकदा त्याने विचारलं.

"बसते की."

"बसता तेव्हा तुमचा पाय हलतो. काल मला वाटलं, इमारतच हलतेय. खाली जाऊन पाया तपासणार होतो."

"बसलं की वाटतं, काहीतरी सुटून चाललंय."

"काय?"

"तेच तर कळत नाही ना…"

तो हसला नाही. नुसता बघत राहिला. मी चहाचा कप उचलला, ठेवला, परत उचलला. त्यात चहा नव्हताच.

घरीही हेच. आईने वाढलेलं अर्धं ताट सोडून मी गॅलरीत. "भिंगरी, कुठली बस चुकतेय तुझी?" आई विचारायची. काय सांगू? चार वाजायला अजून वीस तास होते.

एका रविवारी सकाळी बाईंची एक सही राहिली होती, म्हणून मी त्यांच्या घरी गेले. तळमजल्याच्या जिन्यातच दोघं दिसले. बाई कठडा धरून चढत होत्या, तो एक पायरी खाली, दोन्ही हात पसरून.

"नऊ… दहा… अकरा! शाबास, आई. थांब, श्वास घे."

बाईंनी मला वरून पाहिलं. चेहरा घामाने चमकत होता. "ये गं! बघ, तुझ्या जहाजाची शिडी पाठ झाली माझी. तीन आठवडे झाले. रोज दहा वेळा!"

जिन्याचा कठडा मीही धरला.

"अकरा नाहीयेत," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे… मला माहीत नाही किती आहेत. मी जहाज पाहिलेलंच नाही. बेटंही नाहीत. मी कुठेच गेलेले नाही कधी. भिंगरी म्हणतात मला घरी, पण भिंगरी जागच्या जागीच फिरते हो… मी अंदाजे म्हणाले, अकरा."

त्याने पसरलेले हात हळूच खाली घेतले. आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं.

"मी रोज कागदावर आकडे लिहितो," तो म्हणाला. "त्या आकड्यांवर विसंबून माणसं आत पाय टाकतात."

आणि आईला दारापर्यंत पोचवून तो आत निघून गेला.

"चिडला की बोलत नाही, वडिलांवर गेलाय," बाई म्हणाल्या. "तू बस."

"नाही बसवत, बाई."

"मग उभ्याने ऐक. मी एकतीस वर्षं न पाहिलेले समुद्र शिकवले. त्यात काही पाप नाही. पण पोरं विचारायची, 'बाई, तुम्ही पाहिलाय?' तेव्हा मी 'नाही' म्हणायचे. मग ती जास्त कान देऊन ऐकायची. कळलं?"

कळलं होतं. पण आता चार वाजायचे आणि कोणी यायचं नाही. लिफ्ट दुरुस्त झाली होती; तिचं दार उघडल्याचा आवाज आला की मी उठायची, आणि कुरियरवाला आत यायचा.

बसवेना, म्हणून मी कामाला लागले. जहाजाच्या कप्तानाला पत्र लिहिलं. सातही बंदरांना फोन केले. धक्का किती उंच, जहाजातून होडीत उतरताना हात द्यायला कोण, नाट्यगृहाचा चढ किती, सावली कुठे, बसायला काय. कप्तानाचं उत्तर आलं— 'पायऱ्या सतरा. दोन बेटांवर धक्का नाही, होडीत उतरावं लागतं, तेही लाटेच्या मर्जीने. इतके प्रश्न मला आजवर कोणी विचारले नव्हते.'

सगळं टाइप केलं. जिथे कळलं नाही तिथे स्पष्ट लिहिलं, 'माहीत नाही.' अशा नऊ जागा होत्या. आणि वर एक ओळ— 'आखणारीने ही बेटं अजून पाहिलेली नाहीत.' नाव घातलेल्या सगळ्यांना ते पाठवलं.

भरलेल्या सोळांपैकी दोन खोल्या त्याच दिवशी रद्द झाल्या.

"शहाणपणा नडला!" मॅडम कडाडल्या. "चार दिवस उरलेत. जहाज जातंय हातचं!"

त्या चार दिवसांत माझं काय झालं, ते मलाच माहीत. फोन वाजला तरी धडधड, नाही वाजला तरी धडधड. तिसऱ्या दिवशी एक डॉक्टरीणबाई आल्या, वडिलांना घेऊन. "बाबांना काठी लागते," त्या म्हणाल्या. "सगळीकडे नुसतं 'काही काळजी करू नका' ऐकून कंटाळलो. तुमचा कागद एका पेशंटने दाखवला. दोन खोल्या आहेत का?"

मॅडमनी मला मिठी मारली. मी मात्र त्यांच्या खांद्यावरून दाराकडे बघत होते.

कारण दारात तो उभा होता. हातात लिफ्टचं प्रमाणपत्र, चिकटवायला आणलेलं. ते खाली लिफ्टमध्ये लावायचं असतं, चौथ्या मजल्यावर नव्हे, एवढं मलाही कळत होतं.

मॅडम डॉक्टरीणबाईंना घेऊन आपल्या टेबलाकडे गेल्या. तो खिडकीशी आला.

"बाईंनी सतरा केल्या?" मी विचारलं.

"एकोणीस. म्हणते, दोन शिलकीत असू देत."

"राग गेला?"

"तिसऱ्याच दिवशी गेला. यायला तोंड नव्हतं."

"तुम्हाला? का?"

"तुम्हाला सत्तावीस प्रश्न विचारले मी. 'तुम्ही का नाही गेलात कधी?' एवढं नाही विचारलं."

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात टेबलावरच्या कॉम्प्युटरवर कप्तानाचं नवं पत्र उमटलं. मी वाचलं. परत वाचलं. मग खिडकीपासून दारापर्यंत गेले, आणि दारापासून खिडकीपर्यंत.

"काय झालं?"

"कप्तान म्हणतो, नऊ दिवसांनंतर तिथेच राहा. हंगाम संपेपर्यंत. पाच महिने. पुढच्या सहलींना असे प्रश्न विचारणारं माणूस जहाजावर हवंय त्याला."

मी परत दारापर्यंत जाऊन आले. मला वाटत होतं, त्याने म्हणावं— जाऊ नका. आणि वाटत होतं, तसं तो म्हणाला तर मी त्याला कधीच माफ करणार नाही.

"बोला ना काहीतरी!"

"बंद करणं हे माझं रोजचं काम आहे," तो सावकाश म्हणाला. "सही केली की थांबतं सगळं. तुम्हाला 'थांबा' म्हणणं मला अगदी सोपं आहे. म्हणून नाही म्हणणार." त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मला तुम्ही आवडता. फार. तुम्ही इथे राहिलात तर मी रोज चारला येईन आणि सुखात राहीन. आणि तुमचा पाय टेबलाखाली हलत राहील… ते मला बघवणार नाही."

"हे असं सांगतात?" माझा आवाज फाटला. "जायला सांगताना?"

"मग कधी सांगायला हवं होतं?"

"टाचण्या पडत होत्या तेव्हा!"

तो हसला. पहिल्यांदाच, अगदी मोकळा. मी रडत होते की हसत होते, मला सांगता येणार नाही. मॅडमनी पलीकडून विचारलं, "सगळं ठीक ना गं?"

"नाही," मी म्हणाले, "पण होईल."

निघायचा दिवस उजाडला. विमानतळावर तीसेक माणसं, साठ बॅगा आणि सगळ्यांच्या पुढे डोक्यावर पांढरी टोपी घातलेल्या बाई. त्यांनी मुलाच्या गालाला हात लावला आणि "आम्ही रांगेत आहोत, तुमचं आवरा," म्हणून चक्क सगळ्यांना घेऊन पुढे गेल्या.

त्याने माझ्या बॅगेचं चाक फिरवून पाहिलं. मग दुसरं.

"पुरे आता," मी म्हणाले.

"तिसऱ्या महिन्यात रजा टाकलीय मी. जहाज जिथे असेल तिथे येईन."

"बाई तर सांगत होत्या, तुम्हाला पाण्याची भीती वाटते. साध्या होडीतही बसत नाही म्हणे."

"वाटतेच."

"मग?"

"भीती वाटते म्हणालो. येणार नाही असं कुठे म्हणालो?"

माईकवर आमच्या विमानाची घोषणा झाली. इतकी वर्षं ज्या घोषणेसाठी जीव टाकला, ती झाली आणि माझे पाय मात्र जागचे हलेनात. लोक आमच्या दोन्ही बाजूंनी वाहत होते. मी त्याचा हात धरला. त्याच्या बोटांना वंगणाचा मंद वास येत होता.

"तू ये," मी म्हणाले. "मी धक्क्यावर उभी असेन. तू नक्की ये."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलून गेले, ते मला त्याच्या डोळ्यांत आधी दिसलं, कानांना नंतर कळलं. त्याने माझा हात घट्ट दाबला, आणि मग सोडला.

"येतो गं," तो म्हणाला. "जा तू."