सात, दार लावलं

अँडीज पर्वताच्या पूर्वेकडील रांगेत मोजणीत एक जीव जास्त भरल्याची जी कथा सांगितली जाते, तिचे ढोबळमानाने तीन पाठ आढळतात. खेचरवाल्यांच्या जुन्या पाठात धुक्यात तांड्याच्या मागे एक घंटा जास्त वाजते. बसवाल्यांच्या पाठात घाट चढताना एक उतारू वाढतो आणि कोठेही न उतरता नाहीसा होतो. या दोन्ही पाठांत वाढीव जीव परका असतो. तिसरा पाठ सायकलवाल्यांचा, अलीकडचा, बोयाका प्रांतातल्या एका लहान गावचा. त्यात जास्त भरणारा जीव परका नसतो. तो मागच्या मोजणीतून राहून गेलेला असतो. कथेचे सारे ओझे या एवढ्याशा भेदावर आहे.

त्या गावचे सायकलवाले दर ऑगस्टमध्ये चार दिवसांच्या फेरीला निघत. तिसऱ्या दिवशीचा घाट एकतीस किलोमीटरांचा, आणि त्याचा वरचा अर्धा भाग भर दुपारीही धुक्यात बुडालेला. म्हणून त्यांचा एक नियम होता. प्रत्येक वळणावर पुढच्याने ‘एक’ म्हणून ओरडायचे, मागून एकेकाने आपला आकडा घालायचा, आणि शेवटच्याने आकड्यानंतर म्हणायचे, “दार लावलं.” माझ्यामागे कोणी उरलेले नाही, असा त्याचा अर्थ. ते शब्द कानावर पडल्याखेरीज पुढचा वेग वाढवीत नसे.

शेवटची जागा लिसांद्रोची. वय एकसष्ट. ती जागा त्याच्याकडे अकरा वर्षे होती आणि गेली तीन वर्षे त्याला ती नकोशी झाली होती. पण सोडतो म्हटले असते तर कारण सांगावे लागले असते.

“काका, तुमच्या गुडघ्यांची कुरकुर इथवर ऐकू येतेय!” सर्वांत पुढून गोन्सालो ओरडला. “तेल घाला जरा!”

“आधी तुझ्या जिभेला घालतो, मग उरलं तर गुडघ्यांना!”

माणसे हसली. लिसांद्रोला मात्र हसण्याएवढाही श्वास उरला नव्हता. त्याच्या पुढची, सहाव्या आकड्याची आरासेली मुद्दाम हळू झाली आणि तिने पानात बांधलेली पेरूची वडी त्याच्या हातावर ठेवली. ती याच वर्षी प्रथम आली होती. तिची थोरली बहीण एदिल्मा तीन वर्षांपूर्वी याच घाटात गारठून गेली.

“काका, एक विचारू? ताई परत फिरली तेव्हा आणखी काही म्हणाली का हो?”

“काय म्हणणार… थकले म्हणाली.”

“एवढंच?”

“एवढंच, पोरी.”

ती पुढे गेली. वडी त्याच्या तोंडात तशीच राहिली.

तीन वर्षांपूर्वी, एदिल्मा गेली त्या फेरीत, माणसे आठ होती. एदिल्मा नवखी, सातवी, लिसांद्रो आठवा. एका वळणापाशी तिची साखळी उतरली. त्याच वेळी दुधाचा ट्रक आला. ट्रकमागे लोंबणारी दोरी धरून चढ चढणे ही त्या डोंगरातली जुनी खोड. लाजिरवाणी, पण सर्वांनी कधी ना कधी केलेली. लिसांद्रोचे पाय संपले होते. त्याने दोरी धरली. तीन वळणे तो तसाच ओढला गेला. पुढून मोजणी आली, तेव्हा गट थांबू नये, आपली दोरी कोणाला दिसू नये, म्हणून त्याने आवाज बारीक करून आधी तिचा आकडा घातला: “सात.” आणि मग आपला: “आठ, दार लावलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रस्त्याच्या खाली सापडली. सात म्हटल्यावर ती परत फिरली, असे त्याने सांगितले. सगळ्यांनी ते मानले.

आताही तसेच धुके उतरले. ओल्या लोकरीचा वास सुटला. पारामोवरची, म्हणजे माथ्याजवळच्या ओल्या गवताळ माळावरची, केसाळ पानांची बुटकी झाडे कडेला साधूंसारखी उभी होती. एकामागून एक ती पुसली गेली. पुढून मोजणी आली. सहा, आरासेलीचा आवाज.

“सात, दार लावलं,” लिसांद्रो म्हणाला.

“आठ.”

आवाज मागून आला. त्यात धमकी नव्हती. दमलेल्या माणसाचा, कसाबसा काढलेला आवाज. त्याने वळून पाहिले. ओला रस्ता होता आणि त्यावर धुके होते.

पुढच्या वळणावर पुन्हा तेच. “आठ.” आणि या वेळी त्यामागोमाग दातेरी चाकावरून घसरणाऱ्या साखळीची टक… टक…

“काका, दोनदा काय मोजताय?” गोन्सालो वरून ओरडला. “म्हातारचळ लागला की काय?”

म्हणजे त्यांनाही ऐकू गेले होते.

मग खालून डब्यांचा खडखडाट आला. दुधाचा ट्रक शेजारी येऊन मंदावला.

“आजोबा, धरा की दोरी!” ड्रायव्हर म्हणाला. “तोंड बघा कसं झालंय. वर सोडतो.”

लिसांद्रोच्या पायांत गोळे आले होते. त्याचा हात आपणहून लांब झाला. ओली दोरी बोटांना लागली.

“काका… थांबा ना…”

हेच शब्द. त्या दिवशीचे. ते त्याने कोणालाही सांगितले नव्हते, बायकोलासुद्धा नाही.

त्याने दोरी सोडली. ट्रक धुक्यात विरला.

“ये,” तो म्हणाला. वळून पाहण्याचे बळ त्याच्यात नव्हते. “सावकाश ये. मी आहे… इथंच आहे.”

उरलेले सहा किलोमीटर तो चालण्याच्या वेगाने चढला. श्वासाचा आवाज त्याच्या खांद्यामागून हलला नाही. प्रत्येक वळणावर तो फक्त “सात” म्हणून गप्प होई, आणि मागून आठ येई.

माथ्यावर कार्लिना मावशीची टपरी. तिने फळीवर गुळाच्या गरम पाण्याचे आठ पेले मांडले होते, प्रत्येकाशेजारी चीजचा तुकडा.

“मावशी, आम्ही सातच,” गोन्सालो म्हणाला.

“आठ ऐकले, आठ मांडले. मला काय तुमची डोकी दिसतायत धुक्यात?”

आरासेलीने पेल्यांकडे पाहिले, मग लिसांद्रोकडे. तो सायकलवरून उतरलाही नव्हता.

“ती परत फिरली नव्हती,” तो म्हणाला. “साखळी लावत होती. मी ट्रक धरला. तिचा आकडा… मीच घातला.”

गोन्सालोने टोपी काढली.

“ती काय म्हणाली?” आरासेलीने विचारले.

“काका, थांबा ना.”

तिने आपली लोकरीची रुआना घोंगडीसारखी अंगाभोवती घट्ट ओढली. “उतारावर शेवटची जागा माझी. तुम्ही माझ्या पुढं राहा. मला दिसत राहाल असे. आपण घरी गेलो की आईसमोर हेच सांगायचं, शब्दन् शब्द.”

“सांगतो.”

आठवा पेला कोणी उचलला नाही. त्यातली वाफ संपल्यावर ते निघाले.

पलीकडच्या उतारावर धुके तेवढेच दाट होते. पहिल्या वळणावर मोजणी आली. लिसांद्रोने सहा म्हटले.

“सात,” आरासेली म्हणाली, आणि पुढचे शब्द तिने उच्चारले नाहीत. ब्रेक दाबून ती वाट पाहत राहिली.

“आठ,” मागून आवाज आला. “दार लावलं.”