नव्या स्पीकरचा ताठा

“नापास!”

शाल्मलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मिरजेच्या तिच्या शाळेत नवं सभागृह बांधलं होतं. त्यासाठी तिने आणि आबांनी उन्हाळ्याची अख्खी सुट्टी खपून स्पीकरची जोडी बनवली होती. आत बसणारी तांब्याची गुंडाळी तिने स्वतःच्या हाताने गुंडाळली होती. आठ वेळा तार तुटली, तरी. आणि हा परीक्षक यंत्रमानव, नाव प-सात, पाच मिनिटांत मापं घेऊन मोकळा झाला!

“अनुनाद वारंवारता अडुसष्ट,” प-सात सपाट आवाजात म्हणाला. (कोणतीही वस्तू धक्का दिल्यावर आपणहून सेकंदाला जितके हेलकावे घेते, तो हा आकडा.) “मर्यादा बासष्ट. खर्ज, म्हणजे खालचे सूर, दुबळे. जोडी शुक्रवारी मोडीत निघेल.”

“मोडीत तू नीघ!” शाल्मली किंचाळली. प-सात शांतपणे दाराबाहेर पडला.

आबा म्हणजे तिचे आजोबा, ध्वनिशास्त्रज्ञ डॉ. यशवंत आवटी. त्यांच्याही मिशा थरथरत होत्या. पण ते एवढंच म्हणाले, “शुक्रवारला चार दिवस आहेत. एक स्पीकर सतत वाजता ठेवू. दुसऱ्याला बोटही लावायचं नाही.”

“त्याने काय होणार?”

आबांनी जाळी काढली. “हा कागदी शंकू पुढेमागे हलतो, हवेला ढकलतो, तेव्हा आवाज होतो. शंकूला मागून धरून ठेवते ती ही पन्हळी कापडाची चकती. ती राळेत भिजवून कडक केलेली असते. नवी असते तोवर तिच्यात ताठा असतो. खर्जाला लांब हेलकावे लागतात, ते ती घेऊच देत नाही. वाजून वाजून राळेला अगदी बारीक चिरा पडतात आणि चकती सैलावते.”

“म्हणजे नवी कोल्हापुरी चप्पल!”

“अगदी तशी.”

तीन दिवस माळ्यावर गोधड्यांखाली एक स्पीकर घुमत राहिला. गुरुवारी शाल्मलीने त्यावर पखवाज लावला. थाप थेट छातीत उतरली.

“आबा, जमीन-अस्मानाचा फरक पडलाय!”

“स्पीकरमध्ये पडलाय, की तुझ्या कानांत?”

“तुम्हीपण त्या प-सात डबड्याचीच बाजू घेताय?” तिचा आवाज चिरकला.

“अगं, चप्पल चावायची थांबते तेव्हा चामडं मऊ झालेलं असतं, आणि पायालाही घट्टे पडलेले असतात. कशामुळे किती, ते पायाला विचारून कळत नाही. तीन दिवस ऐकलेला आवाज कानालाही आपला वाटायला लागतो.”

आबांनी दोन्ही स्पीकर पडद्याआड ठेवले. नाणं उडवून कधी हा, कधी तो वाजवला. कोणता वाजतोय ते शाल्मलीने ओळखायचं. वीसपैकी पंधरा बरोबर आले. पाच चुकले! तिने दातओठ खाल्ले. या वेळी राग स्वतःचाच होता.

“जमीन-अस्मानाचा फरक असता, तर वीसच्या वीस आले असते,” ती पुटपुटली.

“हो. आता मोजू.”

न वाजलेला स्पीकर अडुसष्टवरच होता. वाजलेला एकोणसाठवर उतरला होता.

शाल्मली त्या आकड्यांकडे बघतच राहिली. “म्हणजे स्पीकर खरंच बदलला. थोडा. बाकीचा फरक माझ्या कानांनी आपल्या पदरचा घातला.”

“म्हणून ऐकायचं, पण मोजायचंही,” आबा म्हणाले.

शुक्रवारी प-सात आला. त्याने पुन्हा मापं घेतली. “पहिला पास. दुसरा नापास.”

“दोन्ही एकाच दिवशी, एकाच मापाने बनवलेत!” शाल्मली कडाडली. “एक वाजला, एक वाजला नाही, एवढाच फरक. तू स्पीकर तपासलाच नाहीस. त्याचा नवेपणा तपासलास!”

प-सातच्या छातीवरचा दिवा मिचमिचला. “तर्क मान्य. दुसऱ्यालाही मुदत देतो.”

आबांनी सुस्कारा सोडला. शाल्मली मात्र जागची हलली नाही.

“या वर्षात किती स्पीकर नापास केलेस?”

“एकशे बारा.”

“मोजण्याआधी ते किती तास वाजले होते?”

प-सातने जुन्या नोंदी चाळल्या. “नोंद नाही. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.”

“मी विचारतेय! त्यातले अजून मोडीत न गेलेले किती?”

“चाळीस. सगळे शाळांचे. मुलांनी बनवलेले.”

तिचा राग अजून उतरला नव्हता, पण आता तो कामाला जुंपता येणार होता.

“आबा, मापयंत्र गाडीत ठेवा,” ती म्हणाली. “आणि प-सात, तू पुढे बस. पत्ते तुला सांगायचेत.”

“आधी कोणता पत्ता?” प-सातने विचारलं.

“ज्या स्पीकरची मुदत आज संपतेय त्याचा.”