हिरवी राहिलेली टिपणं

"चहा म्हणजे गरम रंगीत पाणी नव्हे, हेमांगी. आलं किसून घालायचं असतं, नुसतं दाखवायचं नसतं. बरं, गाळणीचं बघ. शेवाळाचे थर उलटे लावले तर मीठ आधीच अडेल."

कानातला आवाज थांबला. हेमांगी शिरोडकर हसली आणि आल्याचा तुकडा शोधायला उठली. आचरेकर सरांना जाऊन वर्ष होत आलं होतं. कुरकूर मात्र रोज सकाळी ताजीच.

खाडीकाठच्या त्या प्रयोगशाळेत सगळे टिपणं बोलून ठेवत. दिवसभरात घडलेलं, मध्येच सुचलेलं, सगळं टिपणवेल नावाच्या यंत्रात जाई. वेलीचा नियम साधा होता. जे टिपण कोणी उघडत नाही ते वाळत जातं आणि गळून पडतं. जे वारंवार उघडलं जातं ते हिरवं राहतं. सगळ्यात हिरव्या कल्पनेला चाचणीचं टाकं मिळतं. टाकं एकच, खालच्या वाडीला गोडं पाणी मिळावं म्हणून बांधलेलं. आणि सर तर कल्पना आणि कुरकूर एकाच दमात बोलत, त्यामुळे त्यांच्या टिपणांत दोन्ही एकजीव झालेली.

आज टाक्याचा निकाल लागला होता. पुन्हा सरांची शेवाळ-गाळणी. आधीच्या दोन्ही खेपांना तिने खारंच पाणी दिलं होतं. खालच्या वाडीतल्या विहिरी होळीपासून मचूळ होत, बायका होडीने पलीकडून हंडे आणत. हेमांगीच्या भाजक्या मातीच्या चकतीने पेलाभर पाणी गोड करून दाखवलं होतं, पण तिचं टिपण कडेने पिवळं पडलं होतं. आठवडाभरात गळलं असतं.

हेमांगी टिपणवेल बांधणाऱ्या इक्बाल मुकादमकडे गेली.

"इक्बालभाई, शेवाळावर एवढा विश्वास कोणाचा आहे हो? मला शंका काढायचीही लाज वाटते."

"विश्वासाचं वेलीला कळत नाही, ताई. उघडलं, एवढंच कळतं."

"मग उघडतं कोण?"

"सगळेच. रोज."

"तुम्हीसुद्धा?"

इक्बालने चष्मा पुसायला घेतला. "एका टिपणात मला झापलंय. 'मुकादम, हे यंत्र आहे, तुमची स्कूटर नव्हे, लाथ मारू नका.' ते ऐकल्याशिवाय हात चालत नाही. आणि तुम्ही?"

"चहातलं आलं," ती म्हणाली.

अख्खी प्रयोगशाळा रोज सकाळी आपापला ओरडा खायला सरांकडे जात होती, आणि वेलीने त्या मायेला शास्त्रीय पाठिंबा समजून वाडीचं टाकं देऊन टाकलं होतं.

"सरांच्या टिपणांची प्रत काढून बाजूला ठेवा ना."

"ती सोय सरांनीच ठेवू दिली नाही. म्हणाले, माणसं प्रती जमवतात आणि वापरत काही नाहीत."

"मग उघडणं थांबवू."

"थांबवा. पावसाळ्यापर्यंत सर गळून पडतील. होईल तुमच्यानं?"

हेमांगीने मान हलवली. नाही होणार.

इक्बाल खाकरला. "एक वाट आहे. सरांनीच वेलीत ठेवायला लावलेली. सगळ्यांसमोर, आपलं नाव सांगून, कारण देऊन एखादी कल्पना चुकीची ठरवली, की ती टाक्याच्या रांगेतून बाद होते. पण वेल तिला मुळाशी नेते, आणि मुळाशी काहीच वाळत नाही. यश कोणीही लक्षात ठेवतं, म्हणायचे. चूक गळली, तर पुढचा पुन्हा तीच करेल."

"म्हणजे चूक म्हटलं, तर सर राहतात?"

"कायमचे. चहासकट."

"हे इतके दिवस का नाही सांगितलंत?"

"मुळाशी बघा, रिकामं आहे. आपल्यात कोणी कोणाला चूक म्हणालंय कधी? मीही विसरून गेलो होतो." त्याने चष्मा परत चढवला. "विसरलो होतो, असं म्हणू या."

दुपारी सगळे टाक्याजवळ जमले. वैजयंती शेवाळाचे ओले थर उलगडत होती. सरांच्या हाताखाली सगळ्यात जास्त वर्षं तिची. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. सरांनीच हेमांगीला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पाण्याला भिडेखातर गोड म्हणायचं नाही. ते उपकार फेडायचे, तर इथेच.

तिने वैजयंतीच्या ओल्या हातावर हात ठेवला आणि वेलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"हेमांगी शिरोडकर बोलतेय. सरांनी मोजायला शिकवलं, म्हणून मोजलं. दोन्ही वेळा पाणी खारं आलं. सर चुकले."