वरच्या वाळूतली मेणबत्ती

या, असे चुलीजवळ सरकून बसा. गोष्ट सांगते, मन मात्र इकडं असू द्या. आमचे फादर घेरासिम प्रवचन गाऊनच सांगतात आणि त्यांच्यामागं सूर धरायला मी, झांफिरा, उभी असते. ते ऐकताना दगडालाही पाझर फुटावा. पण ही गोष्ट मला गाता येत नाही. ती माझ्या भावाची आहे. तो परत यावा, एवढ्यासाठीच सांगते.

पाम्फिलदादा पूल तपासणारा इंजिनिअर. निवृत्त झाला आणि घराण्याचा इतिहास शोधायच्या नादी लागला. दफनभूमीत गुडघे टेकून, दात घासायच्या ब्रशानं थडग्यांवरचं शेवाळ काढायचा. झिजलेलं अक्षर वाचायला आरशानं उन्हाचा कवडसा पाडायचा. जेवणाच्या टेबलावर भिंतीच्या कागदाची गुंडाळी उलटी पसरून त्यानं वंशवृक्ष काढला होता. त्यापायी आम्ही सूप मांडीवर घेऊन प्यायचो.

प्रत्येक नावाखाली जन्म आणि मृत्यू. फक्त आजोबांच्या धाकट्या भावाखाली, इलारीखाली, दुसरी जागा कोरी.

इलारी तरुणपणी होडी घेऊन डॅन्यूबपार गेला. होडी परत आली, तो आला नाही.

आमच्या चर्चच्या दाराशी वाळूनं भरलेले पत्र्याचे दोन खण आहेत. वरच्यात जिवंतांच्या नावाच्या मेणबत्त्या, खालच्यात मेलेल्यांच्या. सावेताआत्या इलारीची मेणबत्ती दर रविवारी वर लावायची. तिच्याआधी तिची आई लावायची.

दादाला ते खुपायचं.

"अगं आत्या, आज असता तर सव्वाशे वर्षांचा असता तो!"

"असेल. गेल्याची बातमी कुणी आणली?"

"बातमी कशाला हवी? साधं गणित आहे."

"पूल मोज जा तू. माणसं नको मोजूस."

मी हसले. दादा हसला नाही. मृतांच्या शनिवारी त्यानं इलारीच्या नावानं प्रार्थना ठेवली. शिजवलेल्या गव्हाचा गोड कोलिवा मीच केला, वर साखरेचा क्रूस काढला. सकाळी चर्चमध्ये आत्यानं नेहमीप्रमाणे मेणबत्ती वर लावली. दादानं सगळ्यांदेखत ती उपटली आणि खालच्या वाळूत खोचली.

आत्या ओरडली नाही. "जागा रिकामी केलीस," एवढंच म्हणाली.

वरच्या वाळूत मेणबत्तीचं भोक तसंच राहिलं होतं. कडेची वाळू ढासळून ते बुजायला हवं होतं. बुजलं नाही.

आमच्याकडं प्रार्थनेच्या शेवटी कोलिव्याचं ताट उचलून हलकेच झुलवतात. ज्यांचा हात ताटाला पोचतो ते ताट धरतात. बाकीचे पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवतात. सगळी रांग एका लयीत डुलते. फादरांनी सूर लावला, "अक्षय आठवण राहो." मी बाजूच्या गायनाच्या ओट्यावरून साथ देत होते. रांगेचं शेवटचं टोक दादा होता. त्याच्यामागं दार, आणि दारात ऊन.

दुसऱ्या कडव्याला त्याचा चेहरा उतरला.

गाणं संपल्यावर तो माझ्यापाशी आला. "माझ्यामागं कोण होतं गं?"

"कुणी नाही. तूच शेवटचा."

"चेष्टा नको करूस."

तो वळला. फिकट कोटाच्या खांद्यावर ओल्या पंजाचा ठसा होता. पाचही बोटं उमटलेली. वास नदीच्या गाळाचा.

"कुणाचे तरी हात ओले असतील," दादा म्हणाला. मग माझ्याकडं बघेना.

आत्यानं मेणबत्ती पुन्हा वर खोचली. वात पेट घेईना. काड्यांवर काड्या गेल्या. खाली नेली की लगेच पेटायची, एकदम स्थिर. आत्यानं भोकात करंगळी घालून पाहिली. करंगळी ओली निघाली.

घरी कोट चुलीवर टांगला. बाही वाळली, पाठ वाळली. ठसा वाळला नाही.

दादा टेबलाशी बसून राहिला. वृक्षावरच्या त्या कोऱ्या जागेत त्यानं शनिवारची तारीख लिहिली. "झालं," म्हणाला. "आता कुणी राहिलं नाही."

मी कांदा चिरत होते. बाहेर लख्ख ऊन, शेजारणीची बदकं ओरडत होती.

"ऐकलंस?" दादा म्हणाला.

"काय?"

"घाटावरून कुणीतरी हाक मारतंय. माझ्या नावानं."

"बदकं आहेत रे."

"बदकांना माझं नाव कसं माहीत?" तो हसला. अगदी लहानपणी हसायचा तसा. "बघून आलो. कांदा करपवू नकोस."

कोट अंगात घालून गेला.

कांदा करपला नाही. मी उतरवून ठेवला.

मग घाटावर गेले.

आमची होडी काठाला लागलेली होती. आत दादाचा कोट, नीट घडी घातलेला.

कोटाच्या खांद्यावर हात फिरवला. कोरडा ठणठणीत.

पोलिसांनी नदी चाळली. काही लागलं नाही. पैलतीराहूनही काही कळलं नाही. फादर हळूच म्हणाले, "झांफिरा, आता त्याच्या नावानं मृतांची प्रार्थना करू या का?" त्यांच्या गोड आवाजाला मी कधी नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं.

गेल्याची बातमी कुणी आणली?

दर रविवारी मी दादाची मेणबत्ती वर लावते, त्याच भोकात. पहिल्या काडीला पेटते. आत्या आता नाही. मला दिसणं कमी झालंय, मूलबाळ नाही. माझ्यामागं कोण लावणार, एवढी एकच काळजी आहे.

म्हणून तुम्हाला जवळ बसवलं. कुठल्याही चर्चमध्ये गेलात तर पाम्फिलची आठवण ठेवा, त्याच्या नावानं एक मेणबत्ती लावा. वरच्या खणात, खाली नाही. आणि वाळू ओली लागली तर हात मागं घेऊ नका. तो आमच्यातलाच आहे.