पाऊलमत

काम चालू आहे

खड्डा बुजत होता आणि मालन ढेबे टाळ्या पिटत होती.

बुजवत कुणीच नव्हतं. आपला आपण बुजत होता. कडेचं डांबर दुधावरच्या सायीसारखं थरथरलं, आत सरकलं आणि मधोमध येऊन मिटलं. आत्ता होता, आत्ता नाही! वाघदरीच्या घाटात राहून मालननं असे किती खड्डे मिटताना पाहिले असतील, तरी दर वेळी तिच्या अंगावर काटा यायचाच.

"डॉक्टरीणबाई, खायला काय घालता हो ह्याला?"

"पाणी," डॉ. वर्तक हसल्या. हा रस्ता त्यांच्या प्रयोगशाळेत जन्मला होता. "डांबरात जिवाणू झोपलेत. तडा गेला, पाणी शिरलं, की उठतात आणि चुनखडी विणतात. खाली काचेचे धागे आहेत, केसाहून बारीक. वर कोण उभं आहे ते त्यांना कळतं."

"माझं बी कळतं?"

"तुमचं तर लांबूनच."

"मेलं, लाज न्हाई रस्त्याला!" मालन खिदळली आणि आपल्या टपरीवरचा चहा ढवळायला पळाली.

पुढे वळण आहे

पूर्वी घाटात खड्डा पडला की ठेकेदार बांधकाम खात्याकडे बोट दाखवायचा, खातं ट्रकवाल्यांकडे, ट्रकवाले ठेकेदाराकडे. बोटं फिरत राहायची, खड्डा वाढत राहायचा. मग सामाईक करार आला. खात्याचे लोंढेसाहेब, ठेकेदार बाबरशेठ, ट्रकवाल्यांचे रज्जाकभाई आणि गावाची मालन असे चौघे भागीदार. नफा-तोटा सगळ्यांचा. कुणी कुणाला दोष द्यायचा नाही, आणि दुरुस्ती करायची ती एकमतानंच.

पण माणूस हात वर करतो एका मनानं आणि घरी जातो दुसऱ्याच मनानं. म्हणून पाऊलमत. चौघांनी रस्त्यावर उभं राहायचं. तळव्याची धडधड, घाम, टाचेचा ताण धाग्यांना कळायचा. चौघांची पावलं खरोखर 'हो' म्हणाली की रस्ता कामाला लागायचा. चपला काढायची तशी गरज नव्हती; रबरातूनही त्याला सगळं कळायचं. पण देवळात जावं तशा लोक काढायचे. रीतच पडली होती.

आता गंमत ऐका. रस्ता शिकत होता. रोज. नुसता मताच्या दिवशी नाही.

वाहने सावकाश हाका

तेजल, मालनची एकुलती एक पोरगी, बंदरावर क्रेन चालवायला निघाली होती. घाटातली पहिली पोर! मालननं गावभर पेढे वाटले. पहाटे दारासमोर रस्त्यावर उभी राहून तिनं स्कूटीवरच्या लेकीला हात केला.

"पोचल्यावर फोन कर गं!"

"आई, अजून वळणसुद्धा नाही आलं!"

वळण आलं. काल तिथं काही नव्हतं. आज घमेल्याएवढा खड्डा. स्कूटी उडाली. तेजलची नडगी मोडली.

खडी पसरली आहे

"बुजवा! आत्ताच्या आत्ता!" मालननं चपला भिरकावल्या.

चौघं खड्ड्याभोवती उभे राहिले. तेजल प्लास्टरचा पाय लांब करून रज्जाकभाईंच्या ट्रकात बसली होती. कामावर हजर व्हायचा आज शेवटचा दिवस होता. "क्रेन हातानं चालवतात, पायानं नाही," असं तिनं सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं.

खड्डा ढिम्म हलेना.

"कुणाचं पाऊल नाही म्हणतंय?" मालन कडाडली. "बाबरशेठ, तुमचंच! बुजला तर तुमचं काम जाईल!"

"ताई, पोर माझ्यासमोर वाढलीय. असं बोलू नका हो."

"दोष द्यायचा नाही," लोंढेसाहेब पुटपुटले. "करारात आहे."

"चुलीत घाला करार! डॉक्टरीणबाई, नाव सांगा. माझी परवानगी हाय."

डॉ. वर्तकांनी हातातल्या पडद्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "मालनताई, तिघांचं हो आहे."

मालननं आपल्याच पावलांकडे पाहिलं.

"रस्त्याला मन वाचता येत नाही, पाऊल येतं. महिनाभर तेजलची स्कूटी क्रेनच्या शिकवणीला दारातून निघाली की तुमच्या टाचा मागे ओढायच्या, परत आली की सैल पडायच्या. तो एवढंच शिकला, की जी गाडी निघताना तुमच्या टाचा ओढतात, ती थांबली की तुम्हाला बरं वाटतं."

"म्हणून खड्डा पाडला? माझ्या एकटीसाठी?"

"बुजवायला एकमत लागतं. उसवायला काय लागेल ते आम्ही करारात लिहिलंच नाही. कुणाच्या मनात येईल असं वाटलंच नाही. कुणाचा विरोध दिसला नाही, आणि त्यानं उसवलं."

मालननं ट्रकाकडे पाहिलं. तेजलनं सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही, रागावलीही नाही. नुसतं म्हणाली, "आई, मी जाऊ ना?"

"जा," मालन म्हणाली. "रज्जाकभाई, न्या तिला. जा, बाळा, जा!"

शब्दाशब्दात जीव ओतला होता. ट्रक खड्ड्याला वळसा घालून निघाला. मालननं हात हलवला, हसली, डोळे पुसले.

डॉ. वर्तक किंचाळल्या, "ताई! पाय!"

पुढच्या वळणावर, ज्याचा कुणी विचारही केला नव्हता, डांबराला बारीक सुरकुती पडत होती.

मालननं उडी मारली. दरीकडच्या कठड्याच्या दगडावर चढून तिनं दोन्ही पाय वर ओढले आणि पोटाशी घट्ट आवळून धरले. सुरकुती थांबली. ट्रक त्या सुरकुतीवरून गेला. वळणाआड दिसेनासा झाला.

"गेली का?" तिनं विचारलं. "घाट उतरली का?"

"अजून नाही. बसून राहा," डॉ. वर्तक म्हणाल्या. "आणि नंतरही, जेव्हा जेव्हा आठवण येईल तेव्हा…"

टपरीवर चहा उतू जात होता. टपरी रस्त्याच्या पलीकडे होती.